इटेनची वारी: मी, ताई आणि एसीटीएन-३

सोमवार : नैरोबी ते इटेन

केनियाला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न सिंहाचा येतो. आम्ही एकही सिंह पाहिला नाही, मसाई माराकडे फिरकलोसुद्धा नाही. नैरोबीहून छोट्या विमानाने एल्डोरेट गाठलं, तिथून खच्चून भरलेल्या मटाटूत, म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसमध्ये, बसलो आणि ऊन उतरायच्या आत इटेनला पोचलो.

हे सगळं ताईमुळे. ताईने आयुष्यभर कॉलेजात जेनेटिक्स शिकवलं आणि मी हौशी मॅरेथॉनवाला. लांब पल्ल्याच्या शर्यती केनियन लोकच का जिंकतात, हा विषय आमच्या रनिंग ग्रुपात अधूनमधून निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्यांच्या रक्तातच आहे ते!" मी ते घरी येऊन सांगतो आणि ताईचं डोकं फिरतं. "रक्तात म्हणजे कुठे? कुठल्या क्रोमोसोमवर?" निवृत्त झाल्यावर शेवटी तिनेच तिकिटं काढली.

इटेन साधारण २,४०० मीटर उंचीवर आहे, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर. गावात शिरताना रस्त्यावर ‘होम ऑफ चॅम्पियन्स’ अशी कमान लागते. पाहुणे तिच्याखाली फोटो काढतात, गावातली पोरं मान वर न करता पळत निघून जातात. इथले लोक कालेन्जिन, म्हणजे केइयो, मराक्वेत, नंदी, तुगेन, किप्सिगिस वगैरे पोटगटांचे. केनियाच्या लोकसंख्येत कालेन्जिन १३ टक्क्यांच्या आसपास आहेत, पण लांब पल्ल्याच्या पदकांत सिंहाचा वाटा त्यांचा.

रात्री घरमालकीणबाईंनी उगाली वाढली. मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीहून खूपच घट्ट. सोबत सुकुमा विकी नावाची हिरवी पालेभाजी आणि भरपूर दूध-साखरेचा चहा. जगज्जेत्यांचा खास आहार बघायला मिळेल म्हणून मी उत्सुक होतो. तो हाच.

जाणाऱ्यांसाठी: पहिले दोन दिवस पळू नका, चाला. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, जिना चढतानाही ते जाणवतं. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी टोपी.

मंगळवार : ट्रॅकचा दिवस

इटेनमध्ये वार विचारायची गरज पडत नाही. मंगळवार ट्रॅकचा, गुरुवार फार्टलेकचा (म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळण्याचा), शनिवार लाँग रनचा, रविवार चर्चचा. बाकीच्या दिवशीही सकाळी सहाला पळायचं असतंच, फक्त हळू. आणि हळू म्हणजे खरंच हळू. पहाटेच्या अंधारात एक घोळका माझ्या शेजारून इतका रमतगमत गेला की मला वाटलं, आपणही जाऊ यांच्याबरोबर. पुढच्या चढापर्यंत गेलोही. मग त्यांनी हळूहळू वेग वाढवला आणि मी रस्त्याकडेच्या गाईंबरोबर उभा राहिलो.

ट्रॅकवर चारचारशे मीटरचे फेरे चालले होते. वीस-पंचवीस जण एका ओळीत, पुढच्याच्या टाचेला मागच्याचा बूट लागेल इतके जवळ. बहुतेकांच्या बुटांचे तळ झिजलेले. एकाच्या डाव्या बुटाला सुतळीने टाका घातलेला होता आणि तो ओळीत तिसरा होता.

"उंचीमुळेच ना?" मी ताईला विचारलं. ती वाटच बघत होती. उंचीवर वाढलेल्या माणसाला फायदा असतो हे तिला मान्य आहे. पण उंचीशी जुळवून घेणाऱ्या जनुकांची सगळ्यांत ठळक गोष्ट तिबेटची आहे. तिथे ईपीएएस-१ या जनुकाचं एक रूप सर्रास आढळतं आणि त्यामुळे विरळ हवेतही रक्त फाजील दाट होत नाही. "मग मॅरेथॉनचे तिबेटी विजेते कुठे आहेत? अँडीजमधले कुठे आहेत?" उंची हवीच, पण नुसत्या उंचीने भागत नाही, असं तिचं म्हणणं.

बुधवार : शाळा

सेंट पॅट्रिक्स हायस्कूल बाहेरून कुठल्याही निमसरकारी शाळेसारखं दिसतं. आत मात्र झाडं आहेत, शाळेतून गेलेल्या विजेत्यांनी लावलेली. ताई झाडांच्या जाती बघत होती आणि मी नावं. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा पीटर रोनो इथला. ८०० मीटरचा विश्वविक्रम करणारा विल्सन किपकेटरही इथलाच.

कॉलम ओ'कॉनेल हे आयरिश ब्रदर १९७६ मध्ये इथे भूगोल शिकवायला आले. धावण्याचं प्रशिक्षण त्यांनी कुठेही घेतलेलं नव्हतं. पुढे त्यांच्याच हाताखाली डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १:४०.९१ मध्ये धावून विश्वविक्रम केला. रुडिशाचे वडील मसाई आणि आई कालेन्जिन. रक्ताचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्याला कुठल्या रकान्यात घालायचं, देव जाणे.

आवारात भेटलेल्या एका शिक्षकांशी बराच वेळ बोललो. मी ते ठरलेलं विचारलं, मुलं रोज पळत शाळेत येतात का? ते हसले. "ही निवासी शाळा आहे हो. वसतिगृहापासून वर्गापर्यंत पळतात, तेसुद्धा उशीर झाला तर." मग गंभीर होऊन म्हणाले, "प्राथमिक शाळेत असताना पळायची. आता बऱ्याच गावांत बोडाबोडा आली आहे." बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. त्यांना याची खरोखर काळजी वाटत होती.

आणि त्या काळजीत तथ्य आहे. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट सॉल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात इथल्या मुलांची आणि धावपटूंची स्कँडिनेव्हियन धावपटूंशी तुलना केली. लोकांची अपेक्षा होती की केनियन लोकांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, आभाळाला टेकलेली निघेल. तसं झालं नाही. अव्वल धावपटूंचे आकडे दोन्हीकडे सारखेच आले. इथल्या साध्या पोरांमध्ये मात्र चालत-पळत शाळेला जाणारी आणि न जाणारी यांच्यात चांगलीच तफावत होती. म्हणजे फरक होता तो वाटेचा.

ताई तरीही एक मुद्दा सोडत नाही, आणि तो जनुकांच्या बाजूचा आहे. त्याच वेगाने पळताना केनियन धावपटूंना ऑक्सिजन कमी लागतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी पुढे मोजमाप केलं, तर कालेन्जिन मुलांच्या पोटऱ्या डॅनिश मुलांपेक्षा बारीक आणि हलक्या भरल्या. पाय हा लंबक आहे, त्याच्या टोकाचं वजन कमी असलं की प्रत्येक पावलामागे थोडी शक्ती वाचते. अंगाची ठेवण बऱ्याच अंशी वारशाने येते, हे ताई स्वतःच म्हणाली. "पण बारीक पोटऱ्यांची माणसं पूर्व आफ्रिकेत कितीतरी आहेत. सगळी कुठे जिंकतात?"

संध्याकाळी धो धो पाऊस. तासाभरात तांबड्या रस्त्याचा चिखल झाला आणि बूट दुप्पट जड. मार्च ते मे इथला मोठा पावसाळा असतो, शक्यतो टाळा. टाळता आला नाही तर जुने बूट न्या आणि येताना तिथेच कुणालातरी देऊन या.

गुरुवार : फार्टलेक

फक्त ही एक सकाळ बघायला मिळाली असती तरी माझे पैसे वसूल होते.

नऊच्या सुमारास एल्डोरेट रस्त्याजवळच्या फाट्यावर लोक जमू लागले. गल्लीबोळांतून, शेतांतून, मटाटूतून उतरून. दोनेकशे तरी असतील. कुणी एकमेकांच्या खांद्याला धरून पाय ताणतोय, कुणी जॅकेट झुडपावर टाकतोय. मग एकाने मध्ये उभं राहून आजचा कार्यक्रम जाहीर केला: एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, पंचवीस वेळा. नाव नोंदवणं नाही, फी नाही, तू कोण हे विचारणं नाही. ज्याला यायचं त्याने यावं. ऑलिंपिकला गेलेला आणि काल खेड्यातून आलेला एकाच रांगेत.

आम्ही बोडाबोडावर मागून निघालो. घड्याळांची टिकटिक एकदम वाजली आणि समोरचा सगळा जमाव सुटला. धुळीचा लोट, त्यातून वरखाली होणारी डोकी, आणि बुटांचा आवाज. बोलणं कुणाचंच नाही. चढावर आमची मोटरसायकल दुसऱ्या गिअरवर कण्हत होती. पंधराव्या मिनिटाला माणसं गळायला लागली. गळलेला माणूस चिडत नाही, मान खाली घालून चालत परत फिरतो. पुढच्या गुरुवारी परत येतो.

अशाच एका गळलेल्याशी ओळख झाली. वय तिशीच्या आसपास, पेशाने पेसर. युरोपातल्या शर्यतींत पुढच्या घोळक्याला ३० किलोमीटरपर्यंत वेग धरून न्यायचं आणि रस्त्याच्या कडेला व्हायचं, हे त्याचं काम. हाफ मॅरेथॉन ६२ मिनिटांत पळतो. मी तोंडाचा आ वासला. "इथे ६२ वाले किती आहेत?" त्याने हात हलवला. "कोण मोजतंय?"

चहाच्या टपरीवर ताईने त्याला एसीटीएन-३ समजावून सांगितलं. हे जनुक स्नायूंच्या वेगवान तंतूंसाठी एक प्रथिन बनवतं. काही माणसांत त्याच्या दोन्ही प्रती बंद असतात. अशा माणसांचा कल वेगापेक्षा दमसासाकडे असावा, असं युरोपातल्या काही अभ्यासांवरून वाटलं. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन्ही प्रती बंद असलेले साधारण १८ टक्के सापडतात. मग यानिस पित्सिलाडिस वगैरे संशोधकांनी पूर्व आफ्रिकेत तपासलं. केनियन लोकांत हे प्रमाण किती निघावं? जेमतेम एक टक्का! आणि अव्वल धावपटू व सामान्य केनियन यांच्यात काही फरक नाही. एसीई नावाचं दुसरं गाजलेलं जनुक, त्याचीही केनियात तीच गत.

पेसरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे दमाचं जनुक गोऱ्यांकडे आहे?"

"तसं म्हण हवं तर," ताई म्हणाली, आणि ते दोघं इतके हसले की टपरीवाला बघायला लागला.

फार्टलेक बघायला जाणार असाल तर बोडाबोडा आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा आणि भाडं आधी बोला. पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, चालतात, पण पाहुण्याने सुट्टे शिलिंग जवळ बाळगावेत. धुळीसाठी तोंडाला रुमाल हवाच.

शुक्रवार : केरिओ खोरं

आरामाचा दिवस. इटेनच्या कड्यावरून खाली पाहिलं की जमीन एकदम हजारभर मीटर कोसळते आणि समोर धुरकट निळं केरिओ खोरं पसरतं. पलीकडे तुगेन टेकड्या. ताम्बाचच्या वळणावळणाच्या घाटाने खाली उतरलो, तर वर स्वेटर आणि खाली घामाच्या धारा. आंब्याची झाडं, शेळ्या, काटेरी बाभळी. आंबे छान होते, ताईने मोजून खाल्ले, मी नाही. खाली मलेरियाचे डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या.

घाट चढून परतताना ताईने फिनलंडची गोष्ट सांगितली. एरो मॅन्टिरान्टा हा लॅपलंडचा स्कीपटू, ऑलिंपिकमध्ये सात पदकं मिळवलेला. त्याचं हिमोग्लोबिन एवढं जास्त असायचं की लोकांना संशय यायचा. १९९० च्या दशकात त्याच्या मोठ्या कुटुंबाची तपासणी झाली आणि ईपीओ या तांबड्या पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरच्या जनुकात एक बदल सापडला. त्यामुळे शरीर या पेशी जास्तच बनवत होतं. एक जनुक, एक कुटुंब, थेट परिणाम. "जनुकांमुळे फायदा झाला असं म्हणायचं असेल तर पुरावा असा लागतो," ती म्हणाली. "कालेन्जिन लोकांत असलं काही अजून कुणाला सापडलेलं नाही."

फिनलंडवरून मला दुसरंच आठवलं. १९१२ ते १९३६ या काळात लांब पल्ल्यावर फिनलंडचं राज्य होतं. पावो नुर्मीची नऊ ऑलिंपिक सुवर्णं, आणि १९३६ ला १०,००० मीटरची तिन्ही पदकं फिन्निश लोकांची. तेव्हाही वंश, रक्त, जंगलातली कणखर जात असली स्पष्टीकरणं जोरात होती. फिन्निश लोकांची जनुकं त्यानंतर काही बदलली नाहीत. पदकं मात्र आटली.

शनिवार : काप्तागात

पहाटे उठून काप्तागातच्या रानाकडे. एल्डोरेटच्या या बाजूला एलियुड किपचोगेचा कॅम्प आहे. तिथली साधी राहणी आणि धावपटूंनी आळीपाळीने करायची साफसफाई याबद्दल एव्हाना सगळ्यांनी वाचलेलं असतं. आम्ही आत गेलो नाही. कुणाच्या सरावात लुडबूड करू नये, आणि तुम्हीही करू नका. रस्त्याच्या कडेला उभं राहून ३० किलोमीटरचे घोळके जाताना पाहिले, ते पुरे झालं.

किपचोगेच्या बाबतीत मला जनुकांपेक्षा शेजार महत्त्वाचा वाटतो. नंदी भागातल्या त्याच्या गावातच पॅट्रिक सँग राहायचे, १९९२ च्या ऑलिंपिकमधले स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, रौप्यविजेते. पोरगा त्यांच्याकडे गेला, सरावाचं वेळापत्रक मागितलं, संपलं की पुन्हा मागायला गेला. पुढे त्याने मॅरेथॉनचं अंतर व्हिएन्नात १:५९:४० मध्ये कापलं (ते अधिकृत विक्रमात धरलं नाही) आणि बर्लिनला २:०१:०९ मध्ये. ऑलिंपिकवीर शेजारी असणं हा योग इथे मुबलक आहे, बाकी जगात दुर्मीळ.

याच रस्त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये केल्विन किप्टम मोटार अपघातात गेला. शिकागोला मॅरेथॉनचा २:००:३५ चा विश्वविक्रम करून चारच महिने झाले होते, वय २४. आमचा चालक त्या वळणाबद्दल काही बोलला नाही, फक्त वेग कमी केला.

परतताना ताईला माझ्या बाजूने एक मुद्दा टाकला. सीमेपलीकडे युगांडात, माउंट एल्गनच्या उतारावर, सेबेई लोक राहतात. तेही कालेन्जिनच. जोशुआ चेप्टेगेई तिथला, ५,००० आणि १०,००० मीटरचा विश्वविक्रमवीर. देश वेगळा, संघटना वेगळी, तरी तेच लोक पुढे. मग? ताई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. "मुद्दा चांगला आहे. पण डोंगर तोच, उंची तीच, शेती तीच, आणि सीमेपलीकडचा भाऊबंद बंगला बांधताना दिसतो तोही तोच." बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्याला दीड लाख डॉलर मिळायचे, त्या पैशात इथे जमीन, घर, गाई, सगळं होतं. बाजू तिला पूर्ण जिंकता आली नाही, एवढं समाधान मला मिळालं.

आणखी एक गोष्ट या वादात नेहमी गाळली जाते, ती म्हणजे डोपिंग. मॅरेथॉन २:०९:५६ मध्ये पळून जगाला थक्क करणाऱ्या केनियाच्या रुथ चेपनगेटिचवर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली. गावात हा विषय काढला की लोक ओशाळत नाहीत, संतापतात. प्रामाणिकपणे पळणाऱ्याची किंमतही त्यामुळे उतरते, असं पेसरने सांगितलं.

रविवार : पेसरचं घर

चर्चनंतर पेसरने जेवायला बोलावलं. त्याच्या आईने भोपळ्यातून मुर्सिक ओतलं. हे आंबवलेलं दूध. भोपळ्याला आतून विशिष्ट झाडाच्या कोळशाची पूड चोळतात, म्हणून रंग राखाडी आणि वास धुराचा. पहिला घोट जड जातो, दुसरा आवडतो. विजेते परदेशातून परत आले की विमानतळावर हेच पाजून त्यांचं स्वागत करतात.

भिंतीवर त्याच्या चुलत भावाचा फोटो होता, गळ्यात पदक. एकच आजी, एकच शाळा, एकाच फाट्यावरचा गुरुवार. भाऊ मोठ्या शर्यती जिंकला, हा ३० किलोमीटरला बाजूला होतो.

"मॅडम, हे तुमच्या जनुकांत असेल का?" त्याने विचारलं.

या वेळी ताई हसली नाही. म्हणाली, असू शकतं. हेरिटेज नावाच्या मोठ्या अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ बैठ्या माणसांना २० आठवडे सारखाच व्यायाम दिला होता. कुणाची क्षमता भराभर वाढली, कुणाची जवळजवळ नाहीच, आणि या फरकाचा निम्म्याच्या आसपासचा भाग कुटुंबागणिक जातो असं दिसलं. दोन भावांची वाढ, गाव, सराव सगळं सारखं असेल तर उरलेल्या फरकात जनुकांचा हात असणारच. इटेन आणि बाकीचं जग यांच्यातला फरक त्यातून कळत नाही. इटेनमधल्या दोघांतला थोडाफार कळतो.

"मग रक्त तपासून सांगा, अजून दोन वर्षं पळू की थांबू?"

"सांगता येत नाही," ताई म्हणाली. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा वाटा कणभर. बाजारात डीएनए चाचण्या मिळतात, पण २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं की गुणी खेळाडू हेरायला त्यांचा उपयोग नाही.

त्याच्या आईने काय चाललंय ते विचारलं. त्याने कालेन्जिनमध्ये सांगितलं. ती काहीतरी फटकळपणे बोलली आणि घर हसलं. त्याने आम्हाला सांगितलं, "आई म्हणते, गाय विकून पहिलं तिकीट काढलं होतं, गायीचे पैसे फिटेपर्यंत पळ." किती उरले, असं मी विचारलं. गाय कधीच फिटली होती, आता धाकट्याच्या कॉलेजची फी चालू होती.

सोमवार : परतीची वाट

एल्डोरेटचं विमान उशिरा सुटलं, नैरोबीतलं पुढचं थोडक्यात मिळालं. मध्ये निदान चार तास ठेवा. केनियाचा प्रवेश परवाना ऑनलाइन आधीच काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. ते जाताना कुणी विचारलं नाही, भारतात उतरल्यावर पहिलं तेच मागितलं.